घरी फोटो छापताय? स्वस्त फोटो पेपर घेताना आधी हे बघा

शाळेचा प्रवेश असो, बँकेचं खातं असो की योजनेचा अर्ज, पासपोर्ट साइज फोटो लागतोच. तेवढ्यासाठी तालुक्याला जायचं म्हणजे गाडीभाडं जातं आणि अर्धा दिवस मोडतो. त्यामुळे काही घरांत इंकजेट प्रिंटरवरच फोटो छापले जातात. पण पेपर चुकला तर शाई पसरते आणि पैसे वाया जातात. महागच पेपर हवा असं नाही. कामानुसार पेपर निवडला की झालं.

जीएसएम किती घ्यावा?

एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन म्हणजे जीएसएम. झेरॉक्सचा कागद ७० ते ८० जीएसएमचा असतो. अर्जावर चिकटवायच्या फोटोला १८० पुरतो, अल्बमसाठी २३० च्या आसपासचा घ्यावा. आपला प्रिंटर किती जाड कागद ओढतो, ते आधी माहितीपुस्तिकेत बघा.

पाकिटावरचा आकडा खरा आहे का, हे किराणा दुकानातल्या काट्यावर कळतं. ए-फोरचे १६ कागद मिळून एक चौरस मीटर होतात. म्हणजे १८० जीएसएमच्या २० कागदांचं वजन साधारण २२५ ग्रॅम भरायला हवं. ते १५० ग्रॅमच भरलं, तर कागद १२० जीएसएमचाच आहे.

ग्लॉसी की मॅट?

ग्लॉसीवर रंग उठून दिसतात, पण बोटांचे ठसे उमटतात. फोटोवर सही किंवा शिक्का लागणार असेल तर मॅट बरा, ग्लॉसीवर शाई पुसली जाते.

भिंतीवरच्या फोटोसाठी

स्वस्त ग्लॉसी पेपर बहुधा ‘कास्ट कोटेड’ असतो. त्याची मागची बाजू साध्या कागदासारखी लागते. पाणी लागलं की त्यावरची शाई पसरू शकते. ‘आरसी’ पेपरला प्लास्टिकचा पातळ थर असतो. तो महाग पडतो, पण ओल जास्त सोसतो. आजोबांचा एकुलता एक जुना फोटो मोठा करून लावायचा असेल, तर दोन पैसे जास्त गेले तरी आरसीच घ्या. फ्रेम मात्र थेट उन्हात लावू नका, रंग उडतात.

छापताना काय सांभाळाल?

- कोपऱ्याला ओलसर बोट लावा. चिकट लागेल ती छापायची बाजू.
- प्रिंटरच्या सेटिंगमध्ये ‘प्लेन’ऐवजी ‘फोटो पेपर’ निवडा. ग्लॉसी की मॅट, तेही बघा.
- जाड कागद एकेक करून घाला. छापलेले फोटो लगेच एकावर एक ठेवू नका.
- इंकजेटचा ग्लॉसी पेपर लेझर प्रिंटरमध्ये अजिबात घालू नका. आतल्या उष्णतेने त्याचा थर वितळून रोलरला चिकटतो.
- उरलेले कागद प्लास्टिकच्या पिशवीत आडवे ठेवा. पावसाळ्यात ओल धरली की ते वाकतात.

हिशेब असा करा

पाकिटाच्या किमतीला कागदांच्या संख्येने भागा. ३५ बाय ४५ मिलिमीटरचे पासपोर्ट फोटो ए-फोरवर ३० बसतात, ४ बाय ६ इंचाच्या कागदावर ८. पहिल्यांदा सगळ्यात लहान पाकीट आणा, एक फोटो छापून बघा आणि पसंत पडला तरच मोठं पाकीट घ्या.