जामीन कुणाचा, तारण कोण?

पतपेढीत कर्ज मागायला गेलं की पहिला सवाल : जामीनदार कोण? आपल्या शब्दाला किंमत नाही. मागं उभा राहील त्याच्या पगाराला किंमत. गुलामगिरी टिकवायला अमेरिकेतून फुटून निघालेल्या दक्षिणेच्या सरकारनं १८६१ साली हाच सवाल आपल्या लष्करी अधिकाऱ्यांना विचारला.

सगळ्यांना नाही. साधा शिपाई जीव द्यायला आलेला, त्याला कोण जामीन मागणार? जामीनकतबा लिहून द्यायचा तो क्वार्टरमास्टर आणि कमिसरी खात्यांच्या अधिकाऱ्यांनी. क्वार्टरमास्टर म्हणजे कपडे, तंबू, घोडे, शिपायांचा पगार बघणारा. कमिसरी म्हणजे दाणागोटा बघणारा. हाती सरकारी पैसा नि माल येणार, म्हणून कायदा म्हणाला : आधी ऐपतदार जामीनदार आण, पै-पैचा हिशेब देईन असं लिहून दे. हिशेब चुकला तर वसुली जामीनदारावर. ही रीतही उसनीच. ज्या देशातून फुटले त्याच्याच लष्करी कायद्यातून उचललेली.

आता ऐपत म्हणजे काय ते बघा. दक्षिणेत श्रीमंती मुख्यतः दोन गोष्टींत मोजत : जमीन आणि गुलाम. १८६० च्या शिरगणतीत अमेरिकेत गुलाम भरले सुमारे साडेएकोणचाळीस लाख. त्यांना बाजारात भाव होता. कर्जापोटी ते गहाण पडत, कर्ज थकलं की लिलावात उभे राहत. म्हणजे गोऱ्या साहेबाची पत उभी होती काळ्या माणसाच्या पाठीवर. सही जामीनदाराची, जोखीम गुलामाची. त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

आणि हिशेब तरी कसला? खंदक खणायला, तटबंद्या बांधायला हे सैन्य गुलामांना जुंपायचं. क्वार्टरमास्टर खात्याची हजारो पगारपत्रकं आजही अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यांत गुलामाचं नाव, कामाचा काळ, मजुरी. पैसे पोचल्याची सही मात्र मालकाची, नाहीतर त्याच्या मुखत्याराची. घाम एकाचा, दाम दुसऱ्याला. तरी कागद चोख!

पण १३ मे १८६२ च्या पहाटे चार्ल्स्टन बंदरात रॉबर्ट स्मॉल्स या गुलाम खलाशानं ‘प्लँटर’ ही लष्करी आगबोट पळवली. गोरे अधिकारी किनाऱ्यावर झोपले होते. बायकापोरांना घेऊन त्यानं ती उत्तरेच्या आरमाराच्या हवाली केली. आता ही तूट कुठल्या रकान्यात भरायची? तारणच उठून चालायला लागलं, दोस्तहो!

१८६५ साली ते सरकार बुडालं. त्याच वर्षी तेराव्या घटनादुरुस्तीनं गुलामगिरी मोडली. १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीनं ठणकावलं : बंडासाठी काढलेलं कर्ज फिटणार नाही, गुलाम सुटले म्हणून मालकांना भरपाई मिळणार नाही. १८७३ साली जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं, ते उगाच नाही.

मालकांची वही बंद झाली. पण पगारपत्रकावर ज्यांची नुसती नावं आहेत, त्यांच्या मजुरीचा जामीन कोण राहिला? कुणीच नाही. म्हणून कुठलाही चोख हिशेब समोर आला की आधी बघा, राबला कोण आणि सही कुणाची.