खोल पाण्यातून आलेला कानाचा उपचार

हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातील डोंगरकडा हे गाव समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहे, आणि येथे ज्या उपचाराचा, म्हणजे दाबाखालील प्राणवायूचा, विचार करावयाचा आहे तो मात्र पाणबुड्यांच्या व पाणी लागलेल्या खाणींतील मजुरांच्या आजारातून जन्मला. आकस्मिक बहिरेपण, म्हणजे ३ दिवसांच्या आत बहुधा एकाच कानाची श्रवणशक्ती किमान ३० डेसिबलने घटणे, हा विकार गाव आणि बंदर असा भेद करीत नाही. सकाळी उठताच कानाला दडे बसल्यासारखे वाटते, आत गुणगुण सुरू होते, आणि मळ साचला असेल अशा समजुतीने लसूण घालून कोमट केलेले तेल कानात सोडले जाते. हा रिवाज निराधार नव्हे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कर्णनाद आणि बाधिर्य हे वेगळे रोग म्हणून नोंदलेले असून तेलाने कान भरण्याचा, अर्थात कर्णपूरणाचा, उपचारही तेथे सांगितलेला आहे. मात्र पडदा शाबूत असता तेल त्यापलीकडे जात नाही, आणि बिघाड अंतर्कर्णात असेल तर वाट पाहण्यात गेलेले दिवस हीच मोठी हानी ठरते.

फ्रान्समधील लुआर नदीकाठच्या कोळसाखाणीत पाणी थोपवण्यासाठी अभियंता ट्रिजे याने दाबाखालील हवा वापरली आणि १८४१ मध्ये मजुरांच्या सांधेदुखीचीही नोंद केली. दाब झपाट्याने उतरला की रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात, हे पॉल बेअर याने १८७८ मध्ये दाखवले. अमेरिकी नौदलाचे डॉक्टर बेन्के आणि त्यांचे सहकारी शॉ यांनी १९३७ मध्ये पाणबुड्यांच्या या आजारावर दाबाखालील प्राणवायू वापरला. पुढे अॅमस्टरडॅमचे शल्यचिकित्सक बोएरेमा यांनी, रक्तातील जवळजवळ सर्व तांबड्या पेशी काढलेली डुकराची पिले ३ वातावरण दाबाखाली शुद्ध प्राणवायूवर जगवून दाखवली. १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाने प्राणवायू रक्तद्रवात विरघळूनही पेशींपर्यंत पोहोचतो हे निर्विवाद ठरले. अंतर्कर्णाला एकाच बारीक धमनीतून रक्त मिळते आणि तिला पर्यायी वाट नसते. त्यामुळे १९६० च्या दशकाच्या अखेरीस फ्रेंच व जर्मन डॉक्टरांनी हा उपाय आकस्मिक बहिरेपणावर करून पाहिला, हे ओघानेच झाले.

महाराष्ट्रातही ही विद्या प्रथम समुद्रकाठी, मुंबईत कुलाब्याच्या ‘अश्विनी’ या नौदल रुग्णालयाच्या परिसरात पाणबुड्यांसाठी रुजली. डोंगरकड्याची वाट वेगळी होती. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता, पुढे परभणी जिल्ह्यात राहिला आणि १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा झाला. त्याआधी १९८८ मध्ये शेजारच्या नांदेडला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले होते, आणि या भागाच्या दृष्टीने दाबकक्षापेक्षा ही घटना महत्त्वाची मानावी लागते. कारण मळ की अंतर्कर्णाचा बिघाड हा पहिला निर्णय डॉक्टरला साध्या नादकाट्याने करता येतो: तो कपाळाच्या मध्यावर टेकवला असता, मळाने बंद झालेल्या कानाकडे आवाज झुकतो, तर अंतर्कर्ण निकामी झाला असेल तर तो चांगल्या कानाकडे झुकतो. त्यानंतर श्रवणमापन आणि स्टेरॉइडचे औषध.

दाबकक्षात रुग्ण साधारण दीड तास २ ते २.५ वातावरण दाबाखाली शुद्ध प्राणवायू घेतो, आणि अशी १० ते २० सत्रे होतात. अंगावर केवळ सुती कपडे असतात. केसांना लावलेले तेलही चालत नाही, कारण प्राणवायूने भरलेल्या जागेत ठिणगी पडली तर तेल भडकते. दाब चढताना कानाचा पडदाच दुखावण्याची भीती असल्याने रुग्णाला वारंवार आवंढा गिळावयास सांगतात.

दाबाखालील वैद्यकाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०११ मध्ये या विकाराला मान्यताप्राप्त उपयोगांच्या यादीत स्थान दिले. अमेरिकी कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार हा पर्याय स्टेरॉइडच्या जोडीने, २ आठवड्यांच्या आत, अथवा पहिले उपचार फसल्यास महिन्याभरात द्यावयाचा असतो. २०१२ च्या कोक्रेन आढाव्यात ताज्या बहिरेपणात काही सुधारणा आढळली, पण जुनाट बहिरेपण आणि कर्णनाद यांत लाभाचा पुरावा मिळाला नाही. म्हणून वर्षानुवर्षे कानात आवाज ऐकणाऱ्या माणसाला या उपचारासाठी शेत गहाण टाकून मुंबई-पुण्याची वाट धरण्यास सांगणे अन्यायाचे आहे.