अक्राचे तीन किल्ले आणि एक रस्ता

किल्ला म्हटला की आपल्याला डोंगर, बुरूज आणि स्वराज्य ह्यांची आठवण होते. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील किल्ल्यांची जात निराळी. ते बांधले परक्या व्यापाऱ्यांनी, आणि त्यांच्या कोठड्यांतून माल म्हणून माणसे कोंडून ठेवली जात. घानाची राजधानी अक्रा हिच्या समुद्रकाठी असे तीन किल्ले आहेत. पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत सुमारे चार किलोमीटरांची वाट. सोबती नाही, वाटाड्या नाही, असे आम्ही एकटेच ही वाट पायी चाललो. त्या वाटेचा इतिहास येथे थोडक्यात सांगावयाचा आहे.

प्रारंभ जेम्सटाउनपासून करावा. ही गा लोकांची जुनी वस्ती. पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर जगत आलेली. येथे इंग्रजांनी १६७३ मध्ये जेम्स किल्ला बांधला. त्याच्या जवळच डचांचा किल्ला १६४९ पासून उभा होता; त्यालाच पुढे ऊशर किल्ला हे नाव पडले. पूर्वेला ओसू येथे डेन्मार्कच्या लोकांनी १६६१ मध्ये क्रिश्चियन्सबोर्ग उभारला. एवढ्याशा किनाऱ्यावर तीन राष्ट्रांच्या तोफा कशासाठी? आधी सोन्यासाठी, नंतर गुलामांसाठी.

ह्या भिंती काही अभेद्य नव्हत्या. १६९३ मध्ये अकवामू राज्याच्या असामेनी नावाच्या माणसाने व्यापाराच्या मिषाने आत शिरून क्रिश्चियन्सबोर्गच जिंकून घेतला, आणि सुमारे वर्षभर तो आपल्या ताब्यात ठेवला. किल्ला पुढे डेन्मार्कला परत मिळाला. किल्ल्या मात्र अकवामूंनी परत केल्या नाहीत! १८५० मध्ये डेन्मार्कने ह्या किनाऱ्यावरील आपली सारी ठाणी दहा हजार पौंडांना इंग्रजांना विकली. १८६८ मध्ये डचांचा किल्लाही इंग्रजांकडे गेला. १८७७ मध्ये गोल्ड कोस्ट वसाहतीची राजधानी केप कोस्टहून अक्रास आली. किल्ल्यांचे धनी बदलले. हे सौदे होताना किनाऱ्यावरील रयतेला कोणी विचारले नाही.

समुद्र उजव्या हाताला ठेवून पूर्वेकडे निघाले, की जुने पोलो मैदान लागते. साहेब लोक येथे घोड्यांवर बसून पोलो खेळत. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ह्याच मैदानावर माजी सैनिक जमले. ह्या लोकांशी आपलेही एक नाते आहे. दुसऱ्या महायुद्धात पश्चिम आफ्रिकेच्या दोन डिव्हिजन्स, ८१ वी आणि ८२ वी, हिंदुस्थानात उतरून ब्रह्मदेशच्या आघाडीवर गेल्या होत्या. आराकानच्या जंगलांत हिंदी शिपायांप्रमाणे तेही साम्राज्यासाठी लढले. लढाई संपली, घरी परतल्यावर मिळाली ती महागाई आणि बेकारी. निवृत्तिवेतनाचे गाऱ्हाणे घेऊन ते गव्हर्नरकडे निघाले. गव्हर्नर राहात होता क्रिश्चियन्सबोर्ग किल्ल्यात.

हातात शस्त्र नाही, केवळ अर्ज. मोर्चाला परवानगी होती ती सचिवालयापर्यंतची. सैनिक किल्ल्याकडे वळले. वाटेतल्या चौकात पोलीस आडवे आले. कॉलिन इम्रे ह्या गोऱ्या अधिकाऱ्याने गोळीबाराचा हुकूम दिला आणि स्वतः बंदूक घेऊन गोळ्या झाडल्या. सार्जंट आदजेटे, कॉर्पोरल आटिपो आणि प्रायव्हेट ओडार्टे लॅम्प्टे हे तिघे ठार झाले. ब्रह्मदेशच्या रणातून जे सुखरूप आले, ते आपल्याच राजधानीच्या रस्त्यावर पडले. शहर पेटले. पुढच्या काही दिवसांत मृतांचा आकडा २९ वर गेला. सरकारने क्वामे एन्क्रुमा, जे. बी. दांक्वा आदी सहा पुढाऱ्यांना धरले.

एन्क्रुमांनी पुढे महात्माजींच्या मार्गावरून स्फूर्ती घेऊन जानेवारी १९५० मध्ये अहिंसक प्रतिकाराची चळवळ पुकारली आणि ते तुरुंगात गेले. तो तुरुंग म्हणजे जेम्स किल्लाच. कोठडीत असतानाच ते अक्रातून निवडून आले, आणि १२ फेब्रुवारी १९५१ रोजी सुटले. ६ मार्च १९५७ ला, मध्यरात्री, त्याच पोलो मैदानावरून त्यांनी देश स्वतंत्र झाल्याची घोषणा केली. आज त्या जागी त्यांची समाधी आहे.

कथा येथे संपवली असती तर ती गोड झाली असती. परंतु रस्ता पुढे जातो. स्वातंत्र्यानंतर एन्क्रुमा स्वतःच क्रिश्चियन्सबोर्गमध्ये राहावयास गेले. १९५८ मध्ये विनाचौकशी स्थानबद्ध करण्याचा कायदा झाला. १९४८ मध्ये ज्यांच्याबरोबर आपण धरले गेलो, ते दांक्वा १९६५ मध्ये एन्क्रुमांच्याच राजवटीत न्सावामच्या तुरुंगात वारले. पुढच्याच वर्षी, २४ फेब्रुवारी १९६६ रोजी, लष्कराने एन्क्रुमांना पदच्युत केले आणि लोकांनी त्यांचा पुतळा पाडला. मस्तक तुटलेला तो पुतळा समाधीच्या आवारात जपून ठेवलेला आहे, आणि तुटलेले मस्तकही शेजारी ठेवले आहे. आपल्या पुढाऱ्याचे मोठेपण आणि त्याची पडझड शेजारी-शेजारी मांडण्याचे धैर्य सर्वच राष्ट्रांना होते असे नाही.

नंतरच्याही कित्येक सरकारांनी त्याच किल्ल्यातून कारभार हाकला. सत्तेचे ठाणे तेथून हलले ते एकविसावे शतक उजाडल्यावर. म्हणजे राज्यकर्त्यांनी भिंती बदलल्या नाहीत, भिंतींनी मात्र राज्यकर्ते बदलले, असे कोणी म्हटले तर त्यास उत्तर देणे कठीण आहे.

ज्या रस्त्यावर ते तिघे पडले, त्यास आता २८ फेब्रुवारी हेच नाव आहे. चौकात त्यांचे स्मारक आहे आणि दरवर्षी त्या दिवशी तेथे पुष्पचक्रे वाहिली जातात. त्यांचा अर्ज किल्ल्यात पोहोचला नाही. राज्य परक्यांचे असो वा आपल्यांचे, साध्या माणसाला आपले गाऱ्हाणे घेऊन सत्तेच्या दारापर्यंत निर्भयपणे चालत जाता येते काय, हा त्यांनी विचारलेला प्रश्न एकट्या अक्राचा नाही.