काळ्या पाषाणांतील छाया

अहमदनगर जिल्ह्यांत, ज्यास २०२४ पासून अहिल्यानगर म्हणतात, अकोले तालुक्यांतील रतनवाडीस अमृतेश्वराचें प्राचीन शिवालय आहे. चित्र छापणाराची परीक्षा पाहावयाची, तर असें स्थळ मिळणें कठीण. पाषाण काळसर, बाहेरील नक्षी उन्हांत पांढुरकी दिसते, आणि आंत पाऊल टाकलें कीं अंधार. डोळा दोहोंशीं जुळवून घेतो. कागदास तें साधत नाहीं.

छापखान्याची शाई काळी. तिच्यांत करडी छटा नसते. १८८२ सालीं जर्मनींत माइझेनबाख ह्यानें हाफटोनचें पेटंट घेतलें आणि वाट सांपडली. जाळीच्या काचेंतून चित्राचे ठिपके पाडावयाचे. बारीक ठिपके तेथें उजेड, ठसठशीत तेथें सांवली. कलकत्त्याचे उपेंद्रकिशोर राय ह्यांनीं ह्या जाळीवर केलेलें संशोधन लंडनच्या पेनरोज वार्षिकांत प्रसिद्ध झालें. आपल्याकडील दादासाहेब फाळके हेही ब्लॉकच्या विद्येंतले जाणकार. छपाईच्या यंत्रांसाठीं ते १९०९ सालीं जर्मनीस गेले होते. चित्रपटाच्या कीर्तींत ब्लॉकवाले फाळके झांकून गेले, हा थोडा अन्यायच होय.

खरा गुंता दोन टोकांस. अतिबारीक ठिपका अम्लांत झिजून जातो, आणि उजळ नक्षी कोरी पडते. उलट दाट ठिपक्यांमधील फट शाईनें बुजते, आणि मंडपाचा नुसता डाग होतो. हेन्री कझिन्स ह्यांच्या दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरील १९३१ च्या ग्रंथांत रतनवाडीचें देऊळ आलें आहे. अशा ग्रंथांत सांवली बुजली, तर स्तंभावरील मूर्ति कोणाची हें दूरच्या अभ्यासकानें ओळखावें कसें?

नुसत्या नजरेवर भिस्त ठेवून भागत नाहीं. इंग्लंडांत हर्टर व ड्रिफील्ड ह्यांनीं १८९० सालीं छायाचित्राच्या काचेवरील काळेपण मोजण्याची शास्त्रीय रीत मांडली. छपाईची कसोटी मात्र साधी आहे: शुभ्रापासून काळ्यापर्यंत पायऱ्यापायऱ्यांची करडी पट्टी छापावी आणि दोन्ही टोकांच्या किती पायऱ्या वेगळ्या दिसतात तें पाहावें. संगणकाच्या प्रिंटरलाही हीच पट्टी लागते. तेथें काळ्यास ० आणि पांढऱ्यास २५५ धरतात. ५ आणि १० ह्यांत, तसाच २५० आणि २५५ ह्यांत भेद उमटला पाहिजे. पट्टी छापावयाची ती ज्यावर चित्र निघणार त्याच कागदावर, आणि पाहावयाची ती शाई वाळल्यावर, दिवसाच्या उजेडांत. खरखरीत कागद शाई पितो, म्हणून त्यावर काळ्या टोकाच्या पायऱ्या आधीं एक होतात. मग चित्रांतील अंधार तेवढा उजळून पट्टी पुन्हा छापतात, आणि मंडपांतील खांब दिसूं लागेपर्यंत कागद खर्ची पडतो.