शून्य ओलांडणारी रेघ

चेतातंतूंतून धावणाऱ्या विजेचा इतिहास सांगताना शास्त्रज्ञांची नावे येतात. ज्या प्राण्यावाचून तो पुढे सरकला नसता, ती माकूल मागेच राहते. पाहू गेल्यास १९०२ सालीच दोन्ही धागे हाती होते. ज्युलियस बर्नस्टाईनने मांडले, की स्वस्थ पेशीचे पटल फक्त पोटॅशियमला वाट देते, म्हणून आतली बाजू ऋण राहते. संदेश जाताना पटल सगळ्याच आयनांना खुले होते आणि आतबाहेरचा फरक शून्यावर येतो. त्याच वर्षी अर्नेस्ट ओव्हरटनने दाखवले, की सोडियमविना बेडकाचा स्नायू उद्दीपितच होत नाही. तरी हा दुसरा धागा चार दशके तसाच पडून राहिला. बर्नस्टाईनचे ते शून्य तपासायचे तर तारेचे टोक पेशीत शिरायला हवे, आणि तेवढा जाड तंतू कुणाच्या हाती नव्हता.

माकुलीच्या अंगात जवळजवळ मिलिमीटरभर जाडीचे तंतू असतात, हे जे. झेड. यंगने १९३६ मध्ये पुढे आणले. १९३९ च्या उन्हाळ्यात प्लिमथच्या सागरी प्रयोगशाळेत ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी अशा तंतूत सूक्ष्म नळी घातली. संदेश जाताना पडद्यावरची व्होल्टेजची रेघ शून्यावर थांबली नाही; ती सुमारे ४० मिलिव्होल्ट पलीकडे गेली. काही आठवड्यांत महायुद्ध पेटले आणि काम थांबले. पुढे हॉजकिन आणि बर्नार्ड कॅट्झ यांनी तंतूभोवतीच्या पाण्यातले सोडियम घटवले, तशी ती उसळी खाली आली. आत घुसणारे सोडियमच होते.

माकुलीला मी फार श्रेय देतो, असे कुणी म्हणेल. अमेरिकेत वुड्स होलला केनेथ कोलकडे हाच प्राणी होता, पटलावरचा व्होल्टेज स्थिर धरण्याची युक्तीही त्याच्याकडेच आधी तयार झाली; तरी सोडियमचे उत्तर तिथून आले नाही. आक्षेप रास्त आहे. नुसता तंतू पुरत नाही, सोडियमचा नेमका प्रश्नही लागतो. पण तो प्रश्न उभा राहिला याच तंतूतल्या त्या उसळीमुळे. ही माकुलीचीच लकब असावी, ही शंका मात्र टिकत नाही: १९५० मध्ये बेडकाच्या स्नायूतही तीच उसळी सोडियमवरच अवलंबून असल्याचे दिसले. हॉजकिन आणि हक्सली यांनी १९५२ मध्ये प्रसिद्ध केलेली या आयनप्रवाहांची समीकरणे हक्सलीने हाताने फिरवायच्या गणनयंत्रावर सोडवली होती. माकुलीच्या तंतूतल्या संदेशाचा वेग आला सेकंदाला १८.८ मीटर; प्रत्यक्ष मोजलेला होता २१.२. सोडियम नेमके कुठल्या दारातून शिरते, हे मात्र त्या समीकरणांत नव्हते. पटलातल्या एकेका दारातून वाहणारा विद्युत्प्रवाह नेहर आणि साकमान यांनी १९७६ मध्ये टिपला, तोही बेडकाच्या स्नायूत आणि वेगळ्या प्रकारच्या दारातला.