दुष्काळ व स्त्रियांचे शोषण (सातारा-सांगली)
माण, खटाव, आटपाडी, जत हे तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. तेथे अवर्षणाची झळ स्त्रियांना बहुधा कर्जाच्या वाटेने पोचते. ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल पति-पत्नींच्या जोडीस, म्हणजे ‘कोयत्या’स मिळते, हिशेब मात्र पुरुषाशी होतो. जोडी जमावी म्हणून मुलींचे विवाह अल्पवयात उरकले जातात. उचल फिटेपर्यंत काम सोडता येत नसल्याने फडावरील लैंगिक छळाविरुद्ध दाद मागणेही दुरापास्त होते. सीमाभागात दारिद्र्यापायी देवीस वाहिलेल्या काही मुली शहरांतील वेश्यावस्त्यांत पोचल्या.

१८७६–७८ च्या दुष्काळात सरकारी कामांवर स्त्रियांना पुरुषांहून कमी मजुरी असे. तासगाव तालुक्यातील वि. स. पागे यांनी पुरस्कारिलेल्या रोजगार हमी योजनेस १९७२ च्या दुष्काळानंतर, १९७७ मध्ये कायद्याचे रूप आले. हजेरीपटावर स्त्रीचे स्वतंत्र नाव व समान दर, हे तिचे खरे मोल होय. काम वेळेवर न निघाल्यास मात्र कुटुंबे पुन्हा उचलीकडेच वळत.