‘डर्मा’ : सोललेल्या कातड्यातून निघालेले शब्द

मंडळी, तालुक्याच्या गावी एखाद्या दवाखान्यावर ‘डर्मॅटॉलॉजिस्ट’ अशी पाटी तुम्ही पाहिली असेल. शब्द असा की उच्चारताना जीभ अडखळावी, आणि वाचणाऱ्याला वाटावे, हे काही आपल्यासारख्यांसाठी नव्हे. पण या भारदस्त शब्दाची कूळकथा आपण उलगडून पाहिली, तर त्याच्या मुळाशी काय सापडते? एक सुरी, आणि जनावराचे सोललेले कातडे!

प्राचीन ग्रीक भाषेत ‘देरो’ म्हणजे ‘मी सोलतो’. त्यावरून ‘देर्मा’ हे नाम झाले. सोलून जे निघाले ते देर्मा. होमरच्या काव्यांत हा शब्द बहुतेक वेळा सिंहाच्या वा रानडुकराच्या कातड्यासाठी येतो. जिवंत माणसाच्या अंगकांतीला तेथे ‘ख्रोस’ असा निराळा शब्द आहे. म्हणजे देर्मा हा आधी खाटकाचा आणि चांभाराचा शब्द. वैद्यांनी तो मागाहून उचलला.

हे ऐकून नवल वाटायला नको. आपल्या भाषेतही तेच घडले आहे. कापणे या अर्थाचा संस्कृत धातू ‘कृत्’. त्यावरून ‘कृत्ति’, म्हणजे काढलेले कातडे. ते पांघरणारा शंकर तो ‘कृत्तिवास’. त्याच कृत्तीपासून आपली ‘कात’ आली, जी साप टाकतो. आणि ‘कातडे’ही आले. आणखी एक गंमत सांगतो. ग्रीक ‘देरो’ आणि संस्कृत ‘दृ’ म्हणजे फाडणे, हे धातू एकाच जुन्या कुळातले, असे भाषाशास्त्र सांगते. ‘विदीर्ण’ आणि ‘दरी’ हे आपले शब्द या ‘दृ’पासूनच निघाले. संस्कृतात चामड्याच्या पिशवीला ‘दृति’ म्हणत. विहिरीवरची चामड्याची मोट ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या दृतीचे रूप निराळे सांगायला नको.

आता हे एक मूळ हाती आले, की कुलूप उघडल्यासारखे शब्द उघडत जातात. शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी हे फळ्यावर जरूर मांडावे. ‘एपि’ म्हणजे वर. म्हणून एपिडर्मिस ही त्वचेची वरची पापुद्र्यासारखी बाजू. तीत रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे अगदी वरवर ओरखडा उठला तर रक्त येत नाही. शेवटी ‘आयटिस’ आले की दाह समजावा. म्हणून डर्मॅटायटिस म्हणजे त्वचेचा दाह. ‘एकायनोस’ म्हणजे साळूसारखा काटेरी प्राणी. म्हणून समुद्रातला तारामासा काटेरी कातडीचा, एकायनोडर्म. ‘टॅक्सिस’ म्हणजे मांडणी. म्हणून मेलेल्या प्राण्याच्या कातड्यात भरण करून तो जिवंतासारखा उभा करण्याची कला ती टॅक्सिडर्मी.

‘पॅकिस’ म्हणजे जाड. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सचे प्राणिशास्त्रज्ञ कुव्हिये यांनी हत्ती, गेंडा, पाणघोडा, डुक्कर अशा प्राण्यांना जाड कातडीचे म्हणून एका गटात बसवले. पुढे कळले की हत्ती आणि डुक्कर हे काही जवळचे भाऊबंद नव्हेत. गट मोडला, पण ‘पॅकिडर्म’ हा शब्द उरला. आपणही निगरगट्ट माणसाला गेंड्याच्या कातडीचा म्हणतो ना? प्रत्यक्षात हत्तीच्या जाड कातडीलाही ऊन आणि किडे जाणवतात. म्हणून तर तो अंगावर धूळ उडवून घेतो.

‘हायपो’ म्हणजे खाली. कातडीखाली औषध देण्याची सुई ती हायपोडर्मिक. एडिंबरोचे डॉक्टर अलेक्झांडर वुड यांनी १८५३ मध्ये दुखऱ्या जागी सुईने औषध टोचले. औषध तेथल्या तेथेच काम करते, असा त्यांचा समज. लंडनचे चार्ल्स हंटर म्हणाले, नाही. कुठेही टोचा, ते रक्तातून साऱ्या अंगात जाते. आपली पद्धत वेगळी दिसावी म्हणून हंटर यांनीच ‘हायपोडर्मिक’ हे नाव घडवले. दोघांचा वाद बरीच वर्षे चालला. आज दंडात घेतलेली सुई डोकेदुखी थांबवते तेव्हा हंटर यांचेच म्हणणे खरे ठरते.

पण मंडळी, शब्द ग्रीक झाला म्हणजे ज्ञान आपोआप खरे होत नाही. खरजेचीच गोष्ट घ्या. खरूज एका बारीक किड्यामुळे होते, असे इटलीतल्या दोघा अभ्यासकांनी १६८७ मध्येच लिहून ठेवले होते. मोठ्या वैद्यांना ते पटले नाही. रक्त बिघडल्याने खरूज येते, असेच बहुतेक मानत. १८१२ मध्ये पॅरिसमध्ये एकाने किडा सापडल्याचे जाहीर केले, चित्रेही छापली. पण तो किडा चीजमधला निघाला! मग तर कोणी विश्वास ठेवीना.

अखेर १८३४ च्या ऑगस्टमध्ये रेनुची नावाचा कॉर्सिका बेटावरचा एक विद्यार्थी पॅरिसच्या सेंट-लुई रुग्णालयात पुढे आला. सुईच्या टोकाने त्याने रोग्याच्या कातडीतून जिवंत किडा काढून सर्वांसमोर ठेवला. ही विद्या तो कोठे शिकला? आपल्या बेटावरच्या गरीब बायकांकडून! त्या सुईने असेच किडे टोकरून काढीत. विद्वान मंडळी पाण्याच्या फोडात किडा शोधत बसली होती. तो फोडात नसून बाजूच्या बारीक बोगद्याच्या टोकाशी असतो, हे त्या बायकांना ठाऊक होते. डर्मा हा शब्द कातडी सोलणाऱ्यांकडून आला, आणि खरजेचे कारण सुई चालवणाऱ्या बायकांच्या हातून पक्के झाले. विद्येचा हा उगम आपण विसरू नये. चामड्याला हात लावणाऱ्याला ज्या समाजाने दूर बसवले, त्याने तर मुळीच विसरू नये.

गजकर्णाचीही कथा अशीच. १८३९ मध्ये शोनलाइन यांनी, आणि १८४१ मध्ये पॅरिसमध्ये ग्रुबी यांनी, डोक्यावर खपल्या धरणाऱ्या एका रोगात बुरशी पाहिली. त्वचेवर वाढणाऱ्या अशा बुरशीला ‘डर्मॅटोफाइट’ म्हणतात. ‘फायटॉन’ म्हणजे झाड. अर्थ झाला कातडीवरचे झाड. कारण तेव्हा बुरशी वनस्पतीत मोडत असे. १९६९ मध्ये व्हिटेकर यांनी तिला स्वतंत्र सृष्टी दिली. समज बदलला, शब्द तसाच राहिला.

हे सारे तुम्हांला का सांगावे? कारण कातडीचा रोग चारचौघांत दिसतो, आणि दिसतो म्हणूनच माणूस तो लपवतो. शाळेत एखाद्या मुलाच्या बोटांच्या बेचक्यांत फोड दिसले, की इतर मुले दूर सरकतात आणि आई ‘रक्त तापले’ म्हणून गप्प बसते. ते पोर गलिच्छ नाही, पापीही नाही. त्याच्या कातडीत एक किडा शिरला आहे, एवढेच. पण औषध त्याला एकट्याला देऊन भागत नाही. घरातल्या सर्वांनी, अंग खाजत नसले तरी, एकाच वेळी उपचार घ्यावेत आणि कपडे-अंथरूण गरम पाण्यात धुवावे.

तसेच गजकर्णाला दुकानातून मनानेच मलम आणू नये. काही मलमांत स्टेरॉइड असते. त्याने खाज थांबते, लाली ओसरते. पण बुरशी मरत नाही, ती आतल्या आत पसरते आणि मग ओळखूही येत नाही. त्यापेक्षा आरोग्य केंद्रात जाऊन दाखवावे.

आणि दवाखान्यावरची ती पाटी पुन्हा दिसली, तर बिचकू नका. ‘डर्मा’ म्हणजे कातडे, ‘लॉजी’ म्हणजे शास्त्र. कातड्याचा जाणकार आत बसला आहे. बाही वर करा आणि त्याला काय झाले आहे ते नीट दाखवा.